दुधाविना खुराक, घरातच तालीम

भोसरीची ओळख दोन गोष्टींनी पटते. एक तेथील कारखान्यांची रांग आणि दुसरी तेथील कुस्ती. पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना औद्योगिक वसाहत पसरली, शेतांच्या जागी शेड उभ्या राहिल्या, तरी गावातली तालीम टिकून राहिली. या तालमीने पिढ्यान् पिढ्या एक समज जोपासला आहे. अंग कमवायचे असेल तर खुराक हवा आणि खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम. जवळच आळंदी असल्याने या परिसरात माळकरी घरेही पुष्कळ. या घरांत मांस-मच्छीला थारा नाही, पण दूध, दही, ताक आणि तूप यांच्यावाचून स्वयंपाक पुरा होत नाही. औद्योगिक वसाहतीतल्या एका चौकाचे नावच मुळी गवळी माथा आहे.

अशा गावात एखाद्या तरुणाने किंवा तरुणीने ‘मी दूधही सोडले आणि आता घरीच व्यायाम करून अंग घडवणार’ असे जाहीर केले की तालमीतले वस्ताद आणि घरातली आजी या दोघांच्याही कपाळावर आठ्या पडतात. ‘मग खाणार काय?’ हा त्यांचा प्रश्न टिंगलीवारी नेण्यासारखा नाही. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर हिशेबाने द्यावे लागते. कोणी प्राण्यांविषयीच्या करुणेपोटी हा आहार स्वीकारतो, कोणाला दूध पचत नाही, कोणाला पर्यावरणाची काळजी वाटते, तर कोणी केवळ सडपातळ होण्याच्या आशेने त्याकडे वळतो. कारण कोणतेही असो, शरीराचे नियम सर्वांना सारखेच लागू होतात. ते पाळले तर हा मार्ग सुरक्षित आहे. दुर्लक्षिले तर त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती कधी कधी भरून न येणारी असते.

व्हेगन म्हणजे नेमके काय?

शाकाहार आणि व्हेगन आहार यांत आपल्याकडे वारंवार गल्लत होते. शाकाहारी मनुष्य दूध, दही, लोणी, तूप, पनीर, खवा हे सारे खातो. व्हेगन आहारात हे पदार्थ तर वर्ज्य असतातच, मधही चालत नाही. ‘व्हेगन’ हा शब्द १९४४ साली ब्रिटनमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. भारतात २०२२ साली अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने व्हेगन खाद्यपदार्थांसाठी स्वतंत्र नियम केले आणि त्यांच्या वेष्टनांसाठी हिरव्या रंगातील ‘व्ही’ अक्षराचे चिन्ह ठरवून दिले. वेष्टनावरचा हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो, तो दूधविरहित असल्याचे सांगत नाही. बिस्किटे, पाव, चॉकलेट, आयती सूपे यांत दुधाची भुकटी किंवा लोणी असू शकते. व्यायामशाळेत सर्रास विकली जाणारी प्रथिनांची भुकटीही बहुधा दुधापासूनच काढलेली असते.

गंमत अशी, की आपल्या मराठी स्वयंपाकातला मोठा भाग मुळातच व्हेगन आहे. पिठले-भाकरी, मटकीची उसळ, तुरीची आमटी, वालाचे बिरडे, भरली वांगी, कुळथाचे पिठले, ठेचा, कांदेपोहे, थालीपीठ, तीळगूळ, शेंगदाण्याचा लाडू, जवसाची आणि कारळाची चटणी या कशातच दूध नाही. वरून घातलेले तूप आणि लोणी तेवढे वगळायचे. त्यामुळे हा आहार म्हणजे परदेशातून आणलेले महागडे डबे, असे समजण्याचे कारण नाही. मात्र याच न्यायाने फरसाण, शेव, भजी, वडापाव आणि साखरेचा कोरा चहा हेही व्हेगनच ठरतात. दिवसभर हेच खाल्ले तर आहार व्हेगन राहील, पण पोट सुटेल आणि दंड मात्र बारीकच राहतील.

गांधीजींची अडचण

दुधावाचून शरीर टिकते का, या प्रश्नाशी आपल्याकडे सर्वांत प्रामाणिकपणे झुंजलेली व्यक्ती म्हणजे महात्मा गांधी. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर असताना १९१२ साली त्यांनी दूध सोडले. पुढे भारतात १९१८ साली खेडा जिल्ह्यात फिरत असताना त्यांना आमांशाचा तीव्र विकार जडला आणि प्रकृती पार खालावली. हवापालटासाठी ते माथेरानला आले, पण तेथील जड पाणी त्यांना मानवले नाही. मुंबईत डॉ. दलाल यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली आणि दूध घेतल्याखेरीज शरीर पुन्हा उभे राहणार नाही, असे त्यांना बजावले. गांधीजींनी व्रताची अडचण सांगितली. तेव्हा व्रत घेताना गाई-म्हशींचेच दूध मनात होते, मग शेळीच्या दुधाला काय हरकत, हा तोडगा कस्तुरबांनी काढला. गांधीजींनी तो स्वीकारला. पण व्रताचे अक्षर पाळले, आत्मा गमावला, ही खंत त्यांनी आत्मकथेत नोंदवून ठेवली आहे.

या प्रसंगातून ‘बघा, दुधावाचून चालत नाही’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण त्या काळी कोणालाही ठाऊक नसलेली एक गोष्ट आज आपल्याला ठाऊक आहे. बी-१२ नावाचे जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात शास्त्रज्ञांना यश आले ते १९४८ साली, म्हणजे गांधीजींच्या निधनाच्याच वर्षी. वनस्पतींच्या आहारात नेमके काय उणे पडते आणि ते दुधावाचून कसे भरून काढायचे, याचे उत्तर त्यांच्या डॉक्टरांजवळ नव्हते. आज ते कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळते. म्हणूनच आज हा आहार घेणाऱ्याने त्या उत्तराकडे पाठ फिरवणे हा केवळ हट्ट ठरेल.

सडपातळ दिसणारी स्थूलता

अंग ‘टोन्ड’ करणे म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. स्नायू घट्ट होतात आणि चरबी वितळून नाहीशी होते, असा काही वेगळा चमत्कार नसतो. स्नायूंचे वस्तुमान थोडे वाढवायचे आणि त्यांच्यावरील चरबीचा थर थोडा कमी करायचा, एवढाच त्याचा अर्थ. पोटाचे व्यायाम केल्याने फक्त पोटाचीच चरबी उतरते, हाही भ्रम आहे. चरबी सर्व शरीरावरून उतरते आणि कोठून आधी उतरावी हे शरीर ठरवते.

याविषयीचे मोलाचे संशोधन पुण्यातच झाले आहे. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबरचे आपले छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. उंचीच्या तुलनेत दोघांचे वजन तंतोतंत सारखे होते. दोघांचाही शरीरभारांक २२.३ होता. प्रत्यक्ष मोजणीत मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी आढळली. बारीक दिसणारा भारतीय आतून स्थूल असू शकतो, ही गोष्ट या एका छायाचित्राने जगापुढे मांडली.

आपल्याला त्यातून घ्यायचा धडा सरळ आहे. व्हेगन आहार सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत वजनाचा काटा खाली येतो आणि मन खूश होते. पण प्रथिने कमी पडली आणि व्यायाम नसला तर उतरणाऱ्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो. मनुष्य पूर्वीपेक्षा बारीक होतो आणि त्याच वेळी अधिक अशक्तही होतो. आपल्याकडे स्नायूंची पुंजी मुळातच बेताची असते. ती खर्ची घालून वजन उतरवणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

प्रथिनांचा हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला साधारण ५० ग्रॅम. नियमित ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला त्याहून अधिक, म्हणजे किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम घेतल्यास स्नायूंची वाढ चांगली होते. त्याच ६० किलोच्या व्यक्तीसाठी हा आकडा ७० ते ९५ ग्रॅमच्या दरम्यान येतो.

एवढी प्रथिने दुधावाचून कोठून आणायची? शंभर ग्रॅम कोरड्या पदार्थात किती प्रथिने असतात ते पाहू. सोयाबीनच्या वड्यांत सुमारे ५२ ग्रॅम, सोयाबीनमध्ये ३६ ते ४० ग्रॅम, शेंगदाण्यात २४-२५ ग्रॅम, मूग, मसूर, तूर आणि कुळीथ यांत २२ ते २४ ग्रॅम, हरभऱ्यात १९-२० ग्रॅम, तर ज्वारी, बाजरी आणि गहू यांत १० ते ११ ग्रॅम. नेहमीच्या ताटात भात-पोळीचा डोंगर असतो आणि पातळ वरणाचा ओघळ असतो, तेथेच गणित चुकते. हे प्रमाण बदलणे हीच या आहाराची गुरुकिल्ली आहे.

कारखान्यात डबा नेणाऱ्या ६० किलो वजनाच्या कामगारासाठी एका दिवसाचा नमुना असा मांडता येईल. सकाळी ६० ग्रॅम मूगडाळीची धिरडी आणि शेंगदाण्याची चटणी, त्यातून सुमारे १८ ग्रॅम प्रथिने. डब्यात दोन भाकरी, ५० ग्रॅम मटकीची घट्ट उसळ आणि एक भाजी, त्यातून सुमारे २५ ग्रॅम. दुपारच्या चहाच्या वेळी बिस्किटांऐवजी मूठ-दीड मूठ फुटाणे, त्यातून ८ ग्रॅम. रात्री ४० ग्रॅम सोया वड्यांची भाजी, आमटी आणि थोडा भात, त्यातून सुमारे ३० ग्रॅम. एकूण बेरीज ८० ग्रॅमच्या आसपास जाते. यात एकही पदार्थ असा नाही जो वाण्याच्या दुकानात मिळत नाही.

‘डाळींची प्रथिने अपुरी असतात’ हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, डाळींत मिथिओनिन कमी असते. भाकरी आणि पिठले, भात आणि आमटी एकत्र आले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. ती जोडी एकाच घासात जुळावी लागते असेही नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेले म्हणजे पुरे. ब्राझीलमधील एका अभ्यासात व्हेगन आणि मिश्राहारी तरुणांना बारा आठवडे सारखाच पायांचा व्यायाम दिला आणि दोन्ही गटांना पूरक भुकटी देऊन प्रथिने किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत नेली. स्नायूंची वाढ आणि ताकद दोन्ही गटांत सारखीच आढळली. हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. प्रथिनांचे एकूण प्रमाण पुरेसे असेल तर ती कोठून आली याला फारसे महत्त्व उरत नाही, असे त्यातून दिसते.

सोयाबीनने पुरुषांमधील संप्रेरके बिघडतात, ही भीतीही निराधार ठरली आहे. अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणांत टेस्टोस्टेरॉनवर असा परिणाम आढळलेला नाही. मात्र थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोयाबीन यांत काही तासांचे अंतर ठेवावे, कारण सोयामुळे ती गोळी नीट शोषली जात नाही. प्रथिनांच्या महागड्या भुकट्यांविषयी बोलायचे, तर राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत त्या टाळण्याचाच सल्ला दिला आहे.

बी-१२ : येथे तडजोड नाही

बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करत नाहीत, प्राणीही करत नाहीत. ते तयार करतात सूक्ष्मजीव. प्राण्यांच्या शरीरात ते साठते आणि मांस, मासे, अंडी, दूध यांतून आपल्याला मिळते. दूध सोडले की शाकाहारी माणसाचा हा शेवटचा दरवाजाही बंद होतो. मोड आलेली कडधान्ये, आंबवलेली इडली, शेवाळाची भुकटी यांतून ते मिळते असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यावर विसंबू नये. शेवाळातील घटक बी-१२ सारखा दिसतो, पण शरीरात त्याचे काम करत नाही.

हा प्रश्न आपल्या भागात किती गंभीर आहे, हेही पुण्यातल्याच संशोधनाने दाखवून दिले. डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहर आणि परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात बी-१२ कमी होते. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के निघाले. हे लोक व्हेगन नव्हते. त्यांच्यातील शाकाहारी मंडळी दूधदुभते खाणारी, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखीच होती. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या गर्भवतींच्या दीर्घ अभ्यासातही सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ ची उणीव दिसून आली आणि तिचा संबंध मुलांच्या पुढील आरोग्याशी असल्याचे आढळले.

यातून एक उलटी वाटावी अशी गोष्ट निघते. यकृतात बी-१२ चा साठा असतो आणि वर्षानुवर्षे मटण-मासे खाणाऱ्याचा तो काही वर्षे पुरू शकतो. परंतु पिढीजात माळकरी घरातल्या व्यक्तीचा साठा मुळातच तुटपुंजा असण्याची शक्यता अधिक. म्हणजे ‘आम्ही तर जन्माचे शाकाहारी, आम्हाला व्हेगन होणे सोपे’ असे म्हणणाऱ्यांनीच पहिल्या दिवसापासून अधिक सावध राहायला हवे.

बी-१२ कमी पडल्यास थकवा येतो, जीभ लाल होऊन झोंबते, हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, विस्मरण होते. व्यायाम नवा असल्याने हा थकवा व्यायामाचाच असावा, असे वाटून दुर्लक्ष होते. मज्जातंतूंची हानी फार पुढे गेली तर ती पूर्णपणे भरून येत नाही. म्हणून आहार बदलण्यापूर्वीच रक्तातील बी-१२, हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व आणि साखर तपासून घ्यावी. पातळी चांगली असेल तर रोज किमान १० मायक्रोग्राम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्राम बी-१२ ची गोळी हे सर्वमान्य प्रमाण आहे. दोन्हींत एवढा फरक का? तर एका वेळी शरीर त्याचा अगदी थोडा भाग शोषते, त्यामुळे आठवड्याची गोळी खूप मोठी घ्यावी लागते. पातळी आधीच खालावलेली असेल तर मात्र डॉक्टर सांगतील ती मात्रा, प्रसंगी इंजेक्शने, घ्यावी लागतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि दीर्घकाळ आम्लपित्ताच्या गोळ्या घेणाऱ्यांत ही उणीव अधिक आढळते.

‘गोळी घ्यावी लागते तर हा आहार नैसर्गिक कसा?’ असे कोणी विचारील. गोळीतले बी-१२ सूक्ष्मजीवांकडूनच किण्वनाने करवून घेतलेले असते. भोसरीच्या शेजारी, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले, तेही बुरशीकडून याच तत्त्वाने करवून घेतलेले. जे गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव करतात, तेच येथे टाकीतले सूक्ष्मजीव करतात. कॅप्सूलचे वेष्टन मात्र जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असू शकते. म्हणून साधी गोळी पाहून घ्यावी.

कॅल्शियम, लोह आणि इतर

दूध गेले की कॅल्शियमचे काय, हा आजीचा पुढचा प्रश्न. प्रौढाला रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम, वीस ग्रॅम न सोललेल्या तिळात सुमारे २५० मिलिग्रॅम आणि शंभर ग्रॅम शेवग्याच्या पाल्यात ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. मेथी आणि राजगिऱ्याचा पालाही चांगला. नाचणीची भाकरी, तिळाचे कूट घातलेली भाजी आणि एक पालेभाजी एवढे रोज जमले तर गरजेचा बराचसा भाग भागतो. पालकातील कॅल्शियम मात्र ऑक्झलेटमुळे फारसे शोषले जात नाही, त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

लोहाची गरज स्त्रियांना अधिक असते. कडधान्ये, हळीव, बाजरी, पालेभाज्या यांतील लोह शरीरात शिरावे म्हणून त्याच जेवणात लिंबू, आवळा किंवा कच्ची कोबी असावी. जेवणाबरोबर चहा मात्र टाळावा. चहातील टॅनिन लोहाला अडवते, तेव्हा जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर असावे. कडधान्ये भिजवून मोड आणण्याची आपली रीत येथे उपयोगी पडते, कारण तीमुळे लोह आणि जस्त यांना अडवणारी फायटेटे कमी होतात. रोज चमचाभर जवसाची चटणी ओमेगा-३ साठी, आणि सैंधवाऐवजी आयोडीनयुक्त मीठ. रात्रपाळी करणाऱ्यांना आणि दिवसभर शेडमध्ये असणाऱ्यांना ऊन मिळत नाही, त्यांनी ड जीवनसत्त्वाकडे लक्ष द्यावे.

दहा बाय दहाच्या खोलीतली तालीम

आता व्यायाम. व्यायामशाळेची वर्गणी, पाळ्यांच्या वेळा आणि महामार्गावरची धूळ-वाहतूक पाहता घरीच व्यायाम करण्याचा विचार शहाणपणाचा आहे. त्यासाठी जागा लागते एका चटईची. साहित्याची यादी तालमीने आपल्याला केव्हाच दिलेली आहे : जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला तो याच भूमिकेतून, की कोणालाही, कोठेही, विनाखर्च करता यावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा. नवख्याने आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक, अर्धा तास द्यावा. उरलेल्या दिवशी भरभर चालावे.

सुरुवात चार ते सहा सावकाश सूर्यनमस्कारांनी करावी, त्याने अंग गरम होते. मग बैठका. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर टेकून उठावे. त्यानंतर जोर. जमिनीवर एकही निघत नसेल तर भिंतीला हात टेकून सुरुवात करावी, नंतर स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि शेवटी जमिनीवर. चौथा व्यायाम पाठीचा. दप्तरात पुस्तके किंवा पाण्याच्या बाटल्या भरून सहा-आठ किलो वजन करावे, कमरेत वाकून पाठ सरळ ठेवावी आणि ते दप्तर पोटाकडे ओढावे. जोर-बैठकांत हा ओढण्याचा प्रकार नसतो, म्हणून तो मुद्दाम जोडायचा. पाचवा, उताणे पडून गुडघे दुमडून कंबर उचलणे. सहावा, कोपरांवर आणि चवड्यांवर शरीर फळीसारखे ताठ धरून वीस ते चाळीस सेकंद थांबणे. प्रत्येकाचे दहा ते पंधरा, असे दोन-तीन फेरे. फेऱ्याच्या शेवटी आणखी दोन-तीनच निघतील असे वाटले पाहिजे. मुळीच दमछाक न होता संपणाऱ्या फेऱ्याने स्नायू वाढत नाहीत.

यानंतरचा नियम सर्वांत महत्त्वाचा. शरीराला रोज तेच काम दिले तर ते वाढायचे थांबते. म्हणून आधी संख्या वाढवावी, मग गती कमी करावी, म्हणजे खाली जाताना तीन आकडे मोजावेत. त्यानंतर पाठीवर दप्तर घेऊन बैठका काढाव्यात. ‘आम्ही आठ तास यंत्रापुढे उभे असतो, आम्हाला कशाला व्यायाम?’ असे कामगार बंधू म्हणतात. उभे राहण्याने पाय दमतात, पण बळकट होत नाहीत. कामाचा ताण तोच राहतो, व्यायामाचा ताण मात्र आपण टप्प्याटप्प्याने वाढवतो. हाच दोहोंमधला फरक.

पाळी बदलणाऱ्यांनी घड्याळाची वेळ धरू नये, झोप धरावी. उठल्यानंतर तासा-दोन तासांत व्यायाम, त्यानंतर प्रथिनांचे जेवण, हा क्रम कोणत्याही पाळीत पाळता येतो. रात्रपाळीहून आल्यावर झोप मोडून व्यायाम करणे मात्र टाळावे. अपुऱ्या झोपेत स्नायू भरत नाहीत आणि भूक बेसुमार वाढते.

मोजावे काय आणि थांबावे कोणी

वजनकाट्यावर रोज चढू नये. आठवड्याला अर्धा किलोपर्यंतची घट पुरेशी आहे. त्याहून अधिक विश्वासू साधन म्हणजे मोजपट्टी. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असे मानले जाते. दुसरे साधन वही. किती जोर, किती बैठका निघाल्या ते लिहून ठेवावे. कंबर आक्रसते आहे आणि जोरांचा आकडा चढतो आहे, तर वजन जागचे हलले नाही तरी मार्ग बरोबर आहे. वजन उतरते आहे आणि जोरही कमी होत आहेत, तर ताटातली डाळ वाढवावी आणि उपासमार थांबवावी. तीन ते सहा महिन्यांनी रक्ततपासणी पुन्हा करावी.

गर्भवती आणि स्तनदा माता, लहान मुले, मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी हा बदल आपल्या मनाने करू नये. बी-१२ ची उणीव असलेल्या मातेच्या अंगावर पिणाऱ्या बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, एवढे एकच कारण त्यासाठी पुरेसे आहे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांना सांगावे, कारण आहार आणि व्यायाम एकदम बदलला की साखर अचानक खाली जाऊ शकते.

राहता राहिला घरातला पेच. सत्यनारायणाचा साजूक तुपातला शिरा, सणाचे श्रीखंड, पाहुण्यांचा दुधाचा चहा नाकारला की कोणाचे तरी मन दुखावते. वाद घालून कोणाचे मत बदलत नाही. आपल्या भागाची उसळ आपणच करावी, सर्वांना वाढावी आणि सहा महिन्यांनी तपासणीचा कागद घरच्यांपुढे ठेवावा. बी-१२ योग्य, हिमोग्लोबिन योग्य, कंबर दोन बोटे कमी आणि जोरांचा आकडा पाचावरून पंचविसावर, हे उत्तर आजीलाही समजते आणि वस्तादांनाही पटते. तालमीत शेवटी कोण काय खातो याला किंमत नसते. मातीत उतरल्यावर अंगात काय आहे, तेच पाहिले जाते.